कपाटाची किल्ली मुलांच्या हाती

(शाळेच्या ग्रंथालयाच्या नव्या दालनाच्या उद्घाटनानिमित्त पालक व शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजयादशमीला महाराष्ट्रातील शाळाशाळांतून पाटीपूजन होते. पाटीवर एक या अंकाच्या आकृतींनी सरस्वती रेखाटली जाते, पुस्तकांना गंधफूल वाहिले जाते. पुस्तकाला पाय लागला तर चटकन हात लावून नमस्कार करावा, हे मराठी घरातील मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. ग्रंथ पूजनीय आहे, हा संस्कार समाजात खोलवर मुरलेला आहे आणि तो मोलाचाच आहे.

परंतु पूजा आटोपल्यानंतर त्या पुस्तकाचे काय होते, हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. कित्येक शाळांत पुस्तक पुन्हा कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली कार्यालयातील खिळ्यावर जाऊन बसते. आठवड्यातून एकदा ‘ग्रंथालयाचा तास’ असतो. त्या तासाला पुस्तकांचा एक गठ्ठा वर्गात येतो. हजेरीपटाच्या क्रमाने एकेकाच्या हाती एकेक पुस्तक पडते. ज्याला क्रिकेटचे वेड, त्याच्या हाती पाककृती. जिला तारे पाहायचे, तिच्या हाती व्याकरण! तास संपताच गठ्ठा परत जातो. दहा वर्षे शाळेत काढूनही त्या मुलाने कपाटासमोर उभे राहून स्वतःचे पुस्तक स्वतः निवडलेले नसते. अशा मुलाला ‘वाचनाची गोडी नाही’ असा शेरा मिळावा, हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय?

आज शाळेत ग्रंथालय असावे की नसावे, हा वादाचा विषय राहिलेला नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह विविध विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक ठरविले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांसाठी, शाळेच्या स्तराप्रमाणे, वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांच्या विस्तारावर भर दिला. म्हणजे कायदा आहे, धोरण आहे, थोडाफार पैसाही आहे. तथापि २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या दुखण्याची कारणे अनेक आहेत. परंतु वाचायला शिकलेल्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडे काहीच पडले नाही, तर शिकलेले वाचनही विरून जाते, हे त्यांतील एक ठळक कारण आहे.

साखळी आणि कुलूप

मध्ययुगीन युरोपातील ग्रंथालयांत ग्रंथ लोखंडी साखळीने फळीला जखडून ठेवीत असत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असे साखळदंडी ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. ग्रंथ हाताने लिहिले जात, दुर्मिळ असत, त्यामुळे त्या साखळीला काही अर्थ होता. छापखाने आले, पुस्तके विपुल झाली, साखळ्या गेल्या. परंतु साखळीमागची भीती मात्र गेली नाही. ‘पुस्तक हरवेल, फाटेल’ ही ती भीती होय.

या भीतीवर नेमके बोट ठेवले ते भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. १८९२ मध्ये जन्मलेले रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी त्या एकाकी कामाचा त्यांना कंटाळा आला आणि पुन्हा वर्गात शिकवायला जावे, असे वाटू लागले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि तेथील अनेक ग्रंथालये बारकाईने पाहिली. सामान्य वाचक, स्त्रिया, मुले तेथे मोकळेपणाने फळीपर्यंत जात आणि हवे ते पुस्तक काढून घेत. परत आल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची दारे वाचकांना खुली केली आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या सूत्रांचा आशय असा : ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक लाभला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे. पहिले सूत्र ऐकताना ‘यात नवे ते काय?’ असे वाटते. परंतु कुलूपबंद कपाटासमोर उभे राहून त्या सूत्राचे स्मरण केले, की ते किती अवघड आहे, याची प्रचीती येते.

येथे शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. प्राथमिक शाळेत स्वतंत्र ग्रंथपाल बहुधा नसतो. एखाद्या शिक्षकाकडे हा ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. दाखल नोंदवहीतील प्रत्येक क्रमांकासमोर पुस्तक दिसलेच पाहिजे, नाही तर तपासणीत जाब द्यावा लागेल, वेळप्रसंगी पदरमोड करावी लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. अशा स्थितीत कुलूप हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटला, तर नवल नाही.

म्हणून एक गोष्ट संस्थाचालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी मुद्दाम जाणून घ्यावी. केंद्र शासनाचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम हिशेबाच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहेत. परंतु ग्रंथालयाच्या बाबतीत तेच नियम सांगतात की, वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांचे नुकसान, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर, वाजवी समजावे. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची चौकशी मात्र झालीच पाहिजे. हा नियम केंद्र शासनाच्या कार्यालयांपुरता असला, तरी त्यामागील विचार सर्वांना लागू पडणारा आहे. वापर म्हटला की झीज आलीच. प्रत्येक शाळेच्या समितीने असा एक ठराव करावा, वर्षअखेरीस जीर्ण पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करावे आणि त्याचा भार एकट्या शिक्षकाच्या माथी मारू नये. असे अभय मिळाले, तर कितीतरी कपाटे आपोआप उघडतील. वर्षानुवर्षे नवे कोरे राहिलेले पुस्तक ही शाळेच्या अभिमानाची गोष्ट नव्हे. ज्याच्या कडा मऊ झाल्या आहेत, ज्याची बांधणी दोनदा करावी लागली आहे, ते पुस्तक शाळेचे भूषण मानावे.

बडोद्याची लाकडी पेटी

‘आमच्या शाळेला दालन नाही, मग ग्रंथालय कोठून आणायचे?’ हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने दिलेले आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळा सुटल्यानंतर मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही, तर झालेला सारा खर्च पाण्यात जाईल, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, नगरांतील व गावांतील ग्रंथालये आणि फिरती ग्रंथालये अशी एक सबंध व्यवस्था उभी राहिली. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. गावाने त्या वाचाव्यात आणि पुढे धाडाव्यात, अशी ती योजना होती. गुजरातेत मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने या कार्याला वाहून घेतले आणि गावोगावी वाचनालये उभी केली.

या पेटीचा धडा आजच्या शाळेला तंतोतंत लागू पडतो. ग्रंथालय म्हणजे इमारत नव्हे. वर्गाच्या कोपऱ्यात मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ठेवलेली एक पेटी, भिंतीलगत ताणलेल्या दोरीवर उघडी करून टांगलेली पंधरा-वीस पुस्तके, खाली अंथरलेली एक सतरंजी, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. अनेक जिल्हा परिषद शाळांतील उपक्रमशील शिक्षकांनी दोरीवरची ग्रंथालये चालवून हे दाखवून दिले आहे. दर महिन्याला एका वर्गाची पेटी दुसऱ्या वर्गात जावी, म्हणजे तीच पुस्तके नवी होऊन येतात. मात्र एक पथ्य पाळावे. मुलाला पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसले पाहिजे. लहान मूल पुस्तक ओळखते ते चित्रावरून. पुस्तकाच्या पाठीवरचे बारीक अक्षर त्याच्यासाठी नसते.

आधी कान, मग डोळे

पुस्तके हाताशी आली म्हणजे मूल वाचू लागेल, असेही नाही. त्याला पुस्तकापर्यंत आणावे लागते आणि त्यासाठी गोष्टीसारखे दुसरे साधन नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ या आपल्या पुस्तकात एका प्रयोगशील शिक्षकाची कथा रंगविली आहे. दंगा करणाऱ्या वर्गाला तो शिक्षक गोष्टीने जिंकतो. गोष्टींची भूक लागलेल्या मुलांसमोर मग तो पुस्तके ठेवतो. सर्वांनी तेच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून निरनिराळी पुस्तके आणून वर्गाचे ग्रंथालय करावे, ही कल्पनाही त्याचीच. वीस मुलांकडे एकच पुस्तक वीसदा असण्यापेक्षा वीस निरनिराळी पुस्तके असली, तर प्रत्येक मूल वीस पुस्तकांचे धनी होते, हे गणित साधे आहे. गिजुभाईंसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तीच बालशिक्षणाची ज्योत पुढे बोर्डी-कोसबाडच्या वनवासी पाड्यांपर्यंत नेली.

पहिली-दुसरीच्या वर्गात शिक्षकाने दररोज दहा मिनिटे पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचावे. पुस्तक न घेता सांगितलेली गोष्ट गोडच असते. परंतु पुस्तकातून वाचलेली गोष्ट मुलाला आणखी एक गुपित सांगते. ही गंमत या कागदात दडलेली आहे आणि हे पुस्तक बाईंइतकेच आपल्यालाही उघडता येईल, हे ते गुपित होय. गोष्ट ऐन रंगात आली असता वाचन थांबवावे आणि ते पुस्तक पेटीत सर्वांत वर ठेवून द्यावे. मधल्या सुट्टीत त्या पेटीभोवती कोण घोटाळते, ते शिक्षकाने केवळ पाहावे. ज्याला अद्याप अक्षरे जुळवता येत नाहीत, तोही चित्रे पाहून शेजाऱ्याला गोष्ट सांगू लागेल. ते वाचनच आहे, त्याला हटकू नये.

फळीपर्यंतची वाट

ग्रंथालयाशी पहिली ओळख गर्दीत होत नाही. सबंध वर्ग एकाच वेळी दालनात कोंबण्यापेक्षा दहा-बारा मुलांचा गट न्यावा. पहिल्या दिवशी नियमांची यादी वाचून दाखवू नये. ‘बोलू नका, हात लावू नका, जागचे हलू नका’ या तीन वाक्यांनी ग्रंथालयाची ओळख झाली, तर ते मुलाला शिक्षेचे ठिकाण वाटते. त्याऐवजी पुस्तकाचीच ओळख करून द्यावी. मुखपृष्ठ कोणते, मलपृष्ठ कोणते, लेखकाचे नाव कोठे, चित्रे कोणी काढली, अनुक्रमणिका कशासाठी, हे खेळातून सांगावे. ‘चित्रकाराचे नाव प्रथम कोण शोधतो?’ एवढ्या एका खेळात मुले पुस्तकाची पहिली चार पाने उलटून पाहतात.

मग निवड. मुलाने पुस्तक स्वतः निवडावे, हा या साऱ्या विवेचनाचा गाभा आहे. ते चुकीचे निवडील, फार अवघड निवडील, तेच ते पुन्हा निवडील. निवडू द्यावे. अवघड-सोपे ठरविण्यासाठी पाच बोटांची एक सोपी युक्ती अनेक ठिकाणी वापरतात. मधले कोणतेही पान उघडावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दासाठी एकेक बोट मिटावे. पान संपण्याआधीच पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावे. येथे ‘तुला हे जमणार नाही’ असे कोणी मोठा माणूस सांगत नाही. निर्णय मुलाचा असतो, म्हणून तो त्याला लागत नाही. त्याचप्रमाणे आवडले नाही तर पुस्तक अर्धे सोडून परत करण्याची मुभाही हवी. पानात वाढलेले टाकू नये, हा नियम अन्नाला शोभतो. पुस्तकाला लावला, तर मूल पान वाढून घ्यायलाच घाबरू लागते.

तिसरी-चौथीपासून रचनेची ओळख करून द्यावी. ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ पासून जगभर रूढ झाली. त्या पद्धतीत ५०० पासून विज्ञान सुरू होते. ५९८ म्हणजे पक्षी, ७९६ म्हणजे खेळ, ९२० म्हणजे चरित्रे, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, तर ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. मुलांना हे आकडे गावातील घरक्रमांकांसारखे वाटतात आणि पटकन लक्षात राहतात. लहान वर्गांसाठी रंगीत पट्ट्या पुरेत : हिरवी पट्टी प्राणी-पक्ष्यांची, तांबडी इतिहासाची, पिवळी गोष्टींची. क्रम समजला, की मूल ग्रंथपालाला ‘पक्ष्यांचे पुस्तक द्या’ असे विनवीत बसत नाही. ते सरळ त्या फळीकडे चालू लागते.

वर्णानुक्रमाचेही तसेच आहे. मुळाक्षरे तोंडपाठ असणारे मूल कोशासमोर गोंधळते, कारण ‘स’च्या आधी ‘व’ की नंतर, हे त्याला मोजून पाहावे लागते. ‘क्ष’ काही कोशांत ‘क’मध्ये सापडतो, तर काहींत शेवटी. ही गाठ कोश हाताळल्यावाचून सुटत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला तो मराठी विश्वकोश आणि पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी सिद्ध केलेला दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश ही मराठी भाषेची दोन वैभवे होत. ती काचेआड शोभेला ठेवलेली नसावीत. पाचवीच्या मुलाला तो जड खंड दोन्ही हातांनी उतरवून टेबलावर ठेवता आला पाहिजे.

सुगरणीचा खोपा : शोधाचा एक पाठ

गोष्टीपासून शोधापर्यंतची वाट कशी चालावी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. आपल्या पिलांसाठी चोचीने घरटे विणणारी सुगरण त्या कवितेने घराघरांत नेली. पाचवी-सहावीच्या शिक्षकाने ही कविता शिकवून झाल्यावर वर्गाला एकच प्रश्न द्यावा : ‘सुगरणीचे घरटे कोण विणते?’ उत्तर मात्र ग्रंथालयातून आणायचे.

मुले ५९८ च्या फळीशी जातील. पक्ष्यांवरील पुस्तकाच्या शेवटी असलेल्या निर्देशसूचीत ‘सुगरण’ शोधतील. ‘सुगरण’ नाही सापडली, तर ‘बाया’ या नावाखाली पाहावे लागते, हेही शिकतील. कोशाचा ‘स’चा खंड काढतील. आणि थोड्याच वेळात वर्गात एकच गलका होईल. कारण पक्षिशास्त्र सांगते की घरटे विणतो तो नर! मादी ते अर्धवट विणलेले घरटे पाहावयास येते, पारखते आणि पसंत पडले तर त्यात राहते. पुढचे शोधले, तर आणखी एक गोष्ट हाती लागेल. या पक्ष्याच्या घरसंसाराचे हे कोडे उलगडले ते थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी, अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या सुमारास केलेल्या निरीक्षणांतून. एक नर एकामागून एक घरटी विणून एकाहून अधिक माद्यांबरोबर संसार थाटतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मग बहिणाबाई चुकल्या काय? हा प्रश्न कोणी ना कोणी विचारील आणि तेथेच खरा पाठ सुरू होईल. बहिणाबाईंनी खोपा पाहिला तो एका आईच्या, राबणाऱ्या शेतकरी स्त्रीच्या नजरेने. माणसाला त्यांना काही सांगायचे होते. सालिम अलींनी तोच खोपा पाहिला तो दुर्बीण आणि टिपणवही घेऊन. पक्षी कसा जगतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. कवितेकडून काय घ्यावे आणि शास्त्राकडून काय घ्यावे, दोहोंचा मान राखून दोन्ही कसे वाचावे, हा विवेक मुलाला एका तासात मिळाला. तो पाठ्यपुस्तकाने दिला नाही, शिक्षकाने सांगितला नाही. दोन पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवल्याने मिळाला. कोणतेही छापील अक्षर वा पडद्यावर झळकणारा मजकूर पारखल्यावाचून खरा मानू नये, ही सवय आजच्या काळात किती आवश्यक आहे, हे पालकांना सांगायला नको. भ्रमणध्वनीवर एका बोटासरशी तयार उत्तर मिळते. ग्रंथालयात दोन उत्तरे मिळतात आणि त्यांतून निवडावे लागते.

घरच्या मंडळींचे काम

शाळेने कपाट उघडले, तरी उरलेले अर्धे काम घराचे आहे. मुलाने पुस्तक घरी आणले, की अनेक घरांत पहिला प्रश्न येतो : ‘अभ्यास झाला का?’ आणि दुसरा : ‘यातून काय बोध घेतलास?’ हे दोन्ही प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावेत. ‘मग पुढे काय झाले?’ एवढेच विचारावे. आजी-आजोबा घरात असतील, तर नातवाने त्यांना रोज दोन पाने वाचून दाखवावीत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाची मराठी अडखळते, ती अशाच वाचनाने सैल होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वत्र व्यक्त झाला. त्या अभिजात भाषेतील चार ओळी घरातील मुलाला सलग वाचता येतात की नाही, हेही प्रत्येक घराने तपासून पाहावे.

योग्य वेळी योग्य हाती पडलेले पुस्तक काय करू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला वंदनीय आहे. मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक शाळकरी मुलगा शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या दृष्टीस तो पडला. गुरुजींनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्याच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी केळूसकरांनी ज्यांच्याकडे शब्द टाकला, ते गावोगाव पुस्तकांच्या पेट्या धाडणारे सयाजीराव महाराजच होते. पुढे बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, तेव्हा त्यात आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाची खास सोय केली. केळूसकर गुरुजी त्या मुलाचे वर्गशिक्षक नव्हते, नातलग नव्हते. शिवण्या न शिवण्याच्या भेदाने जर्जर झालेल्या त्या काळात बागेत वाचत बसलेला मुलगा दिसल्यावर ते थांबले, एवढेच. वस्तीतील ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही, त्याच्यासाठी आज असे कोण थांबणार आहे? शाळेचे ग्रंथालय हे त्या मुलाचे घरचे कपाट आहे. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, त्यांना कुलपाने फारसा फरक पडत नाही. ज्यांच्या घरी नाहीत, त्यांचे मात्र ते सर्वस्व हिरावते.

शाळेबाहेरची वाटही दाखवावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून वाचकसेवा करीत आले आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे महाराष्ट्राच्या लहानसहान गावांतही मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली. वाढदिवसाला खेळण्याबरोबर जवळच्या वाचनालयाची बालसभासदाची वर्गणी भरावी. सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या कुटुंबांनी वाटेवरच्या भिलारला थांबावे. मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले आहे आणि तेथे घराघरांत पाहुण्याला पुस्तक काढून बसता येते.

जपणूक हाही संस्कार

किल्ली मुलांच्या हाती द्यायची, तर जबाबदारीही द्यावी लागेल. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, समास किती सोडावा, शाई व कागद कसे सिद्ध करावेत, पोथी कशी बांधावी आणि कशी राखावी, याचा इतका बारीक विचार त्या विरक्त संन्याशाने केला, तो ग्रंथ नित्य हाताळला जावा आणि तरीही टिकावा म्हणून. वापर आणि जपणूक यांत त्यांना विरोध दिसला नाही.

हीच दृष्टी मुलांना द्यावी. सहावी-सातवीची मुले आळीपाळीने ‘बाल ग्रंथपाल’ व्हावीत. देवघेव नोंदवहीत त्यांनीच लिहावे, परतीची तारीख त्यांनीच घालावी, फळ्या त्यांनीच लावाव्यात. महिन्यातून एकदा ‘पुस्तक दुरुस्ती’चा तास असावा. खळ, पातळ कागद, दोरा आणि जाड पुठ्ठा घेऊन मुलांनी सुटलेली पाने चिकटवावीत. आपल्या हाताने पान चिकटविलेले मूल दुसरे पान सहसा फाडीत नाही. पुस्तक हरवले, तर दंडापेक्षा शोधाला अवधी द्यावा आणि न सापडल्यास घरच्या ऐपतीप्रमाणे एखादे जुने पुस्तक आणून देण्याची मोकळीक ठेवावी. दंडाच्या भीतीने गरीब मुलाने पुस्तक घरी नेणेच सोडले, तर त्या दंडाच्या चार रुपयांत शाळेने फार मोठे नुकसान करून घेतले, असे म्हणावे लागेल.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. भाषणे होतात, ग्रंथदिंडी निघते, मुले रांगेत बसून पुस्तके वाचतात. हा उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु १६ ऑक्टोबरला कपाट उघडे आहे ना, हे पाहणारा एक तरी शिक्षक आणि एक तरी पालक प्रत्येक शाळेला हवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत तीन विषय घ्यावेत : जीर्ण व हरवलेल्या पुस्तकांच्या वाजवी नुकसानाचा ठराव, मधल्या सुट्टीत कपाट उघडे ठेवण्याची व्यवस्था आणि वर्गावर्गांत फिरणारी एकेक पेटी. वर्षाच्या शेवटी पुस्तके किती आहेत, ते मोजण्याआधी देवघेव नोंदवही उघडावी आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याने स्वतः निवडलेली किती पुस्तके लिहिली आहेत, ते पाहावे. ज्या मुलाच्या नावापुढची ओळ कोरी असेल, त्याच्यापासून पुढच्या वर्षीच्या कामाला आरंभ करावा.